व्हिडिओ गेम बनविण्याचा हुन्नर : पहिला खेळ कसा उभा करावा?

व्हिडिओ गेमचे नाव काढले की आपल्या घरांतून दोनच प्रकारची वाक्ये ऐकू येतात. वडील म्हणतात, पोराचे डोळे आणि अभ्यास दोन्ही गेले. पोरगा म्हणतो, अब्बा, या लाइनीत फार पैसा आहे. दोघांचेही म्हणणे अर्धवट आहे. खेळ खेळणे आणि खेळ बनविणे यांत तेवढेच अंतर आहे, जेवढे सदरा घालणे आणि कापड विणणे यांत आहे. रात्रंदिवस खेळणारा मुलगा उद्या खेळ बनवू शकेलच, असे मुळीच नाही. उलट, ज्याला गणिताची कोडी सोडविण्यात गोडी आहे आणि एकच काम दहा वेळा उसवून पुन्हा शिवण्याची सवय आहे, तो मुलगा किंवा ती मुलगी या कामाला अधिक लायक ठरते.

परंतु हे समजावून सांगणारे जवळपास कोणी नसल्यामुळे पालक थेट क्लासचा रस्ता धरतात आणि मोठी फी भरून मोकळे होतात. म्हणून आजच्या लेखात आम्ही एक लहानसा खेळ कागदापासून मोबाईलपर्यंत कसा न्यावा, याचा धडाच मांडीत आहोत. आठवी-नववीचे गणित ज्याला येते त्याला तो समजावा. हा धडा घरी करून पाहिल्यानंतरच फीचा विचार करावा, अशी आमची वाचकबंधूंना विनंती आहे.

मागावरचा प्रोग्राम

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील वाचकांना प्रोग्राम म्हणजे काय, हे वेगळे शिकविण्याची गरज नाही. ज्याने जकार्ड पाहिला, त्याने प्रोग्राम पाहिलाच आहे. फ्रान्सच्या लिऑन शहरातील जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ च्या सुमारास हा साचा तयार केला. पुठ्ठ्याच्या पट्टीवर जेथे छिद्र आहे तेथे ताण्याचा धागा वर उचलला जातो, छिद्र नाही तेथे तो खालीच राहतो. पट्ट्या बदलल्या की नक्षी बदलते, माग मात्र तोच. पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज याने आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात याच पट्ट्यांची कल्पना उचलली. आणि जकार्डच्याही आधी बनारसचे नक्शाबंद कारागीर धाग्यांच्या जाळ्यात हीच नक्षी बांधून ठेवीत होते. मागाच्या जागी संगणक आणि पट्ट्यांच्या जागी प्रोग्राम ठेवा. चौकटीच्या कागदावर चौकोन भरून आपण जशी किनारीची नक्षी काढतो, तसेच संगणकाच्या पडद्यावरील चित्रही लहान लहान ठिपक्यांचे असते. त्या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात.

ठरावीक पायऱ्यांनी हिशेब सोडविण्याच्या पद्धतीला 'अल्गोरिदम' म्हणतात. हा शब्द नवव्या शतकातील बगदादचे विद्वान मुहम्मद बिन मूसा अल् ख्वारिज्मी यांच्या नावाच्या लॅटिन रूपावरून आला आहे. आमच्या पूर्वजांनी सर्व काही शोधून ठेवले होते असे म्हणत बसण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. तसे म्हणत बसल्यानेच आपण बरेच मागे राहिलो. पण मुलाला हा विषय परका वाटत असेल तर एवढे जरूर सांगावे.

आधी नियम, मग चित्र

डिझाइन म्हणजे सुंदर चित्रे काढणे, असा एक गैरसमज आहे. खेळाचे डिझाइन म्हणजे खेळाचे नियम. आपण मराठीत 'मनसुबा' म्हणतो, उर्दूतही म्हणतो. अरबीत मन्सूबा म्हणजे शतरंजचे कोडे. मोहरे अशा जागी मांडून द्यायचे की सोडविणाऱ्याला नेमकी चाल शोधावी लागावी. अब्बासी काळात अल् अदली आणि अस् सूली यांनी शतरंजवर ग्रंथ लिहिले आणि असे मन्सूबे रचले. (शतरंज जायज की नाजायज, हा उलेमांमधील जुना मतभेद आहे. तो येथे सोडविण्याचा आमचा अधिकार नाही.) गेम डिझायनरचे काम हेच आहे. खेळणाऱ्यापुढे असा पेच मांडायचा की तो अवघड असावा, पण सुटण्याजोगा असावा.

थोड्या नियमांत किती काम होते, हे पाहायचे असेल तर जपानच्या नामको कंपनीचा १९८० चा 'पॅक-मॅन' पाहावा. तो तोरू इवातानी यांनी रचला. त्यात चार भुते नायकाच्या मागे लागतात. पहिले भूत नायक ज्या घरात आहे त्या घराकडे धावते. दुसरे नायकाच्या तोंडापुढील चौथ्या घराकडे धावते, म्हणजे वाट अडविते. एक भूत नायक आठ घरांपेक्षा दूर असेल तोवर पाठलाग करते आणि जवळ आले की आपल्या कोपऱ्याकडे पळते. प्रत्येकाच्या डोक्यात एक-दोन ओळींचा नियम. खेळणाऱ्याला मात्र वाटते की चौघांनी मिळून आपल्याला घेरण्याचा कट केला आहे.

'कांडी झेल' : एक नमुना

आता आपला खेळ. बाण्याचे सूत गुंडाळलेल्या कांड्या वरून पडत आहेत. खाली एक टोपली आहे, ती बोटाने डावी-उजवीकडे सरकते. कांडी झेलली की एक गुण, तीन कांड्या सुटल्या की खेळ संपला. याहून मोठा खेळ पहिल्यांदा हाती घेऊ नये. प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी शंभर सैनिकांची लढाई बनवायची असते आणि म्हणूनच बहुतेकांचा पहिला खेळ कधीच पुरा होत नाही.

संगणक सुरू करण्यापूर्वी कागद घ्यावा. पडदा ७२० पिक्सेल रुंद आणि १२८० उंच धरू. कांडीचा वेग सेकंदाला ३२० पिक्सेल ठेवला तर ती वरून खाली यायला १२८० भागिले ३२०, म्हणजे ४ सेकंद लागतील. दर सेकंदाला एक नवी कांडी सुटेल. टोपली १२० पिक्सेल रुंद, आणि ती सेकंदाला ३०० पिक्सेल सरकते.

येथवर सर्व ठीक दिसते. आता कांड्या कोठूनही पडू द्या. एक कांडी डाव्या टोकाला ६० व्या पिक्सेलवर पडली, पुढची उजव्या टोकाला ६६० वर. मधले अंतर ६००. टोपलीची अर्धी रुंदी ६० वजा केली तरी टोपलीला ५४० पिक्सेल जावे लागेल, म्हणजे १.८ सेकंद. हाती वेळ आहे एक सेकंद. जगातील सर्वांत चपळ खेळाडूलाही ही कांडी झेलता येणार नाही. खेळणारा हरेल, पण त्याच्या चुकीने नव्हे. हे सरळसरळ मापात पाप आहे. गिऱ्हाईक गज-मीटर मोजून पाहत नाही, तरी त्याला आत कोठेतरी कळते की येथे आपण फसतो आहोत, आणि तो खेळ बंद करून टाकतो.

यावर उपाय सोपा आहे. पुढील कांडी आधीच्या कांडीपासून जास्तीत जास्त किती दूर पडावी, याची हद्द बांधायची. एका सेकंदात टोपली ३०० जाते, त्यात अर्ध्या रुंदीचे ६० मिळविले तर ३६० होतात. माणसाच्या हाताला उशीर होतोच, म्हणून आपण २५० ची हद्द ठेवू. पुढे दोन कांड्यांमधील वेळ ०.७ सेकंद करावयाचा असेल तर टोपली तेवढ्यात २१० च जाईल. म्हणजे हद्दही त्याच बरोबर खाली आणली पाहिजे.

आता खेळ हळूहळू अवघड कसा करावा? दर दहा गुणांना कांडीचा वेग शेकडा ५ ने वाढवा. ३२० चे ३३६ होतील, मग सुमारे ३५३, आणि असे दहा टप्पे झाल्यावर सुमारे ५२१. चार सेकंदांत पडणारी कांडी आता अडीच सेकंदांच्या आत पडेल. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. पडण्याचा वेग वाढविला तर खेळणाऱ्याला पाहण्यास वेळ कमी मिळतो. दोन कांड्यांमधील अंतर घटविले तर सरकण्यास वेळ कमी मिळतो. या दोन वेगवेगळ्या अडचणी आहेत. दोन्ही एकाच वेळी वाढवू नयेत. एक वाढवावी, चार जणांना खेळवून पाहावे, मग दुसरीला हात घालावा. रंगाऱ्याच्या भट्टीवर दोन रसायने एकदम बदलली तर डाग कशाने पडला हे कळत नाही, तसाच हा प्रकार.

कधी कधी अडचण आपोआप चांगली निघते. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या जपानी खेळात शत्रू जसजसे मरतात तसतसे उरलेले जोरात धावतात. तोमोहिरो निशिकादो यांच्या यंत्राची ताकद थोडी होती. शत्रू कमी झाले की चित्र काढण्याचे काम हलके होई आणि वेग वाढे. त्यांनी ते दुरुस्त न करता तसेच ठेवले, आणि खेळाची सारी रंगत त्यातच आली.

यंत्राला समजाविणे

नियम ठरले. आता प्रोग्राम. खेळाचा प्रोग्राम एका चक्रासारखा फिरतो. बोट कोठे आहे ते विचारा, सर्व वस्तूंची नवी जागा काढा, चित्र काढा, आणि पुन्हा पहिल्यापासून. हे चक्र साधारणपणे सेकंदाला ६० वेळा फिरते. म्हणजे एका फेरीला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. प्रत्येक फेरीतील चित्राला फ्रेम म्हणतात.

नवा शिकणारा येथे एक चूक हमखास करतो. ३२० ला ६० ने भागले तर ५.३३ येतात, म्हणून तो लिहितो की प्रत्येक फ्रेमला कांडी ५.३३ पिक्सेल खाली आणा. त्याच्या मोबाईलवर खेळ छान चालतो. मित्राचा जुना मोबाईल सेकंदाला ३० च फ्रेम काढतो, तेथे कांडी आठ सेकंद लोंबकळत येते. दुसऱ्याचा नवा मोबाईल १२० फ्रेम काढतो, तेथे ती दोनच सेकंदांत आदळते. एकाच मालाची तीन मापे झाली. म्हणून नियम असा लिहावा : नवी जागा म्हणजे जुनी जागा अधिक, वेग गुणिले मागील फ्रेमपासून गेलेला वेळ. या गेलेल्या वेळेला 'डेल्टा' म्हणतात. मुलाने डेल्टा नीट समजून घेतला की पहिला डोंगर चढला असे समजावे.

झेलले की नाही, हे यंत्राला कसे कळते? कांडी एक चौकोन, टोपली दुसरा चौकोन. पहिल्याची उजवी कड दुसऱ्याच्या डाव्या कडेच्या पुढे, डावी कड उजव्या कडेच्या मागे, आणि वर-खाली तसेच. अशा चार तुलना खऱ्या ठरल्या की दोन्ही चौकोन एकमेकांवर आले. बस, एवढेच. परंतु कांडीचे केवळ टोक तपासत असाल आणि वेग १५०० वर गेला, तर एका फ्रेममध्ये ते २५ पिक्सेल उडी मारेल. टोपलीची जाडी २० असेल तर टोक एका फ्रेमला टोपलीच्या वर आणि पुढच्या फ्रेमला खाली दिसेल. डोळ्यांदेखत कांडी टोपलीतून आरपार गेली! अशा वेळी मागील जागा टोपलीच्या काठाच्या वर होती आणि नवी खाली आहे काय, हे तपासावे. ज्या मुलाला ही गडबड स्वतः शोधून काढता आली, त्याची फी निम्मी वसूल झाली.

कोणते साधन घ्यावे

चित्र काढणे, आवाज वाजविणे, बोटाचा स्पर्श ओळखणे ही कामे प्रत्येक वेळी नव्याने लिहावी लागत नाहीत. ती तयार मिळतात, त्या साधनाला गेम इंजिन म्हणतात. सध्या युनिटी, अनरिअल आणि गोडो ही तीन नावे ऐकू येतात. अनरिअल मोठ्या, भारी खेळांसाठी. त्याला दणकट संगणक लागतो, आणि खेळाची कमाई १० लाख डॉलरपुढे गेली की वरच्या रकमेवर साधारणपणे शेकडा ५ हिस्सा द्यावा लागतो. आपल्या शिकाऊ मुलाला ती चिंता तूर्तास नाही.

युनिटी मोबाईलच्या खेळांत फार चालते आणि नोकरीच्या जाहिरातींत तिचे नाव बहुधा असतेच. पण २०२३ च्या सप्टेंबरात या कंपनीने जाहीर केले की खेळ जितक्या वेळा मोबाईलवर बसविला जाईल त्या हिशेबाने फी घेऊ. सूत देणाऱ्याने उद्या विकल्या गेलेल्या प्रत्येक सदऱ्यावर हिस्सा मागावा, तशी ही गोष्ट. जगभरच्या कारागिरांनी आरडाओरड केली, कंपनीने आधी अटी सौम्य केल्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती फी रद्द केली. व्यापाऱ्याने यातून घ्यायचे ते घ्यावे. आमचे मत असे की सुरुवात गोडोवर करावी. अर्जेंटिनाच्या दोघा प्रोग्रामरनी बनविलेले हे इंजिन २०१४ पासून सर्वांना खुले आहे. त्याला फी नाही, हिस्सा नाही, ते साध्या संगणकावर चालते. त्याची जीडीस्क्रिप्ट ही भाषा पायथनसारखी सोपी आहे. त्यावर हात बसला की युनिटीची सी-शार्प शिकणे जड जात नाही. चित्रांसाठी क्रिता, त्रिमितीसाठी ब्लेंडर, आवाजासाठी ऑडॅसिटी हीही फुकट आणि रीतसर मिळतात. तेव्हा चोरीचे सॉफ्टवेअर वापरण्यास कोणतीही सबब उरत नाही.

इंग्रजीचे भय हा आपल्या उर्दू आणि मराठी शाळांतील मुलांचा जुना रोग. आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलो, म्हणून हे भय आम्हाला ठाऊक आहे. पण 'कांडी झेल' लिहिण्यास जीडीस्क्रिप्टचे जे ठरावीक शब्द लागतात ते दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील : इफ, एल्स, व्हाइल, फॉर, फंक, व्हार, रिटर्न आणि असेच एक-दोन. बाकी नावे आपणच द्यायची असतात. उलट, भाषा ही आपली पुंजी ठरू शकते. मार्च २०२३ मध्ये आलेल्या गोडोच्या चौथ्या आवृत्तीपासून उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी आणि देवनागरीतील जोडाक्षरे नीट उमटतात. उर्दू हिज्जे किंवा मराठी जोडाक्षरे शिकविणारा चांगला खेळ बनविण्यासाठी ती भाषा येणारा माणूस लागतो, आणि तो आपल्या मोहल्ल्यात आहे.

कमाई आणि हलालची हद्द

रोज दीड तास नेमाने बसणारा विद्यार्थी दोन-तीन महिन्यांत असा छोटा खेळ पुरा करू शकतो. त्यावर लगेच पैसे मिळतील, असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेच्या एरिक बॅरोन याने एकट्याने चित्रे, संगीत, प्रोग्राम सर्व करून साडेचार वर्षांत 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा खेळ २०१६ मध्ये आणला. त्याच्या ४ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. क्लासवाले हे उदाहरण सांगतात. परंतु संगणकावरील खेळांच्या 'स्टीम' या मोठ्या बाजारात वर्षाला दहा हजारांहून अधिक नवे खेळ येतात, हे सांगत नाहीत. त्या बाजारात दुकान लावण्यास प्रत्येक खेळामागे १०० डॉलर लागतात आणि विक्रीतून शेकडा ३० कापले जातात. तेव्हा पहिली कमाई बहुधा दुसऱ्याकडे नोकरी करूनच होते. आपल्या राज्यातही असे कारखाने आहेत. 'राजी' हा खेळ पुण्यात बनला आणि २०२० मध्ये जगभर विकला गेला. टाळेबंदीत घरोघरी खेळला गेलेला 'लुडो किंग' मुंबईच्या कंपनीचा. नोकरी देणारा प्रमाणपत्राआधी विचारतो की पुरा केलेला खेळ दाखव. क्लासमध्ये जायचे झाल्यास तेथेही हेच विचारावे : गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी पुरे केलेले खेळ दाखवा. दाखविले नाहीत तर चहा पिऊन परत यावे. पदवीच घ्यायची असेल तर राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळूर केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे.

आता हलाल-हरामचा प्रश्न, जो पालक सर्वांत आधी विचारतात आणि त्यांनी विचारलाच पाहिजे. पैसे लावून खेळविणाऱ्या अ‍ॅपचे काम पगार कितीही असला तरी करू नये. तो जुगार आहे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला, आणि त्यात असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. साधे आणि शिकविणारे खेळ त्या बंदीत येत नाहीत. पण जुगार चोरपावलांनीही येतो. पैसे देऊन बंद पेटी घ्यायची, आत काय निघेल ते नशिबावर. अशा पेट्यांना बेल्जियमने २०१८ मध्ये जुगार ठरविले. आपल्या खेळात त्या ठेवू नयेत. व्हिएतनामच्या डाँग न्युएन याचे नाव येथे घ्यावेसे वाटते. त्याचा 'फ्लॅपी बर्ड' हा एका बोटाचा खेळ जाहिरातींवर दिवसाला सुमारे ५० हजार डॉलर मिळवीत होता, अशा बातम्या होत्या. लोकांना त्याचे व्यसन लागत आहे, हे पाहून त्याने फेब्रुवारी २०१४ मध्ये तो स्वतःच बाजारातून काढून घेतला. तो आपल्या दीनचा नव्हे, पण व्यापाराची ही रीत आपल्याला ओळखीची वाटावी.

खेळ तयार झाला की गुगल प्लेवर ठेवण्यासाठी एकदाच २५ डॉलर भरून खाते उघडावे लागते. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला आणखी एक अट आहे. किमान १२ जणांनी सलग १४ दिवस खेळाच्या चाचणीत सामील राहिले पाहिजे, त्यानंतरच तो सर्वांसाठी खुला करण्याची परवानगी मागता येते. अनेक मुलांना ही कटकट वाटते. आम्हाला ती फार उपयोगाची वाटते. या बारांमध्ये सगळे दोस्त घेऊ नयेत, कारण दोस्त वाहवा करतात. एखादी खाला, एखादा दहा वर्षांचा भाचा, मागावरचा एखादा कारागीर घ्यावा. त्यांच्या हातात मोबाईल द्यावा आणि तोंडातून एक शब्द न काढता शेजारी बसावे. कोठे अडकले, कोठे वैतागले, कोठे हसले, ते वहीत वेळेसह टिपावे. त्यांनी खेळ ठेवून दिल्यावर मग विचारावे, की तिसरी कांडी सुटली तेव्हा चूक कोणाची वाटली, तुमची की खेळाची?